कोडला रंग येतो कुठून, आणि कधी कधी भलतीकडेच का जातो

मागच्या रविवारी भाची घरी आली होती. ती इंदूरमध्येच भंवरकुआंला हॉस्टेलवर राहते, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, आणि दर रविवारी आमच्याकडे लोकमान्य नगरला पोहे खायला येते असं सांगते, खरं म्हणजे वायफायसाठी येते. यावेळी तर लॅपटॉप उघडाच धरून आत शिरली. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ज्युनिअर मुलांसाठी एक छोटं वेब ॲप केलंय, लॅबचे प्रोग्रॅम टाकायचे, खाली दोन ओळी समजावून लिहायच्या, बस एवढंच. तक्रार एकच होती (व्हीएस कोड म्हणजे ती प्रोग्रॅम लिहिते तो एडिटर), "मामा, व्हीएस कोडमध्ये हाच प्रोग्रॅम किती मस्त रंगीत दिसतो, आणि आमच्या पेजवर टाकला की सगळा काळा ठिक्कर. ब्राउझरला कळत नाही का हा कोड आहे ते?"

नाही कळत. ब्राउझरला प्रोग्रॅम, वाण्याची यादी आणि लग्नपत्रिका सगळं सारखंच, अक्षरांची एक लांब माळ. प्री नावाचा टॅग (टॅग म्हणजे पेजच्या मजकुराला लावायची खूण) लावला की तो स्पेस आणि ओळी जशाच्या तशा ठेवतो, कोड नावाचा टॅग लावला की सगळी अक्षरं सारख्या रुंदीची करतो, आणि त्या टॅगवर "लँग्वेज-पायथन" असा क्लास लिहिलात तरी तो त्याकडे ढुंकूनही बघत नाही, ती चिठ्ठी दुसऱ्या कुणासाठी असते. हा दुसरा कुणी म्हणजे हायलायटर, एक लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड, जी ही माळ हातात घेते, तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याभोवती स्पॅन नावाचं पातळ वेष्टण गुंडाळते आणि त्यावर लेबल चिकटवते की हा कीवर्ड (भाषेचा राखीव शब्द), हा आकडा, ही स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर), ही कॉमेंट (माणसांसाठी लिहिलेली टीप). रंग सगळ्यात शेवटी सीएसएस, म्हणजे पेजचं रंगरूप ठरवणारी भाषा, देते, लेबल बघून. म्हणजे रंगाचं काम दहा-बारा ओळींचं, मारामारी सगळी तुकडे पाडण्यात.

इंदूरकराला हे समजायला वेळ लागू नये. सकाळी गाणं वाजवत कचरा गाडी येते, ओला इकडे, सुका तिकडे, प्लॅस्टिक वेगळं, घातक वेगळं. गाडीवाल्याला तुम्ही काल रात्री भरीत केलं होतं का भाजी याच्याशी काही घेणं नसतं, साल दिसली की ओल्यात. हायलायटरचं अगदी तसंच आहे. त्याला तुमचा प्रोग्रॅम काय करतो ते कळत नाही, चालतो का बंद पडतो तेही कळत नाही, तो फक्त दिसण्यावरून कप्पे ठरवतो. चुकीच्या प्रोग्रॅमलाही तो तितक्याच प्रेमाने रंग देतो.

आता हे तुकडे पाडतो कसा ते जरा जवळून बघू. भाचीला दाखवायला मी एक बनावट मराठी भाषा केली, जर, तर, छाप एवढे तीनच कीवर्ड, अवतरण चिन्हात स्ट्रिंग, आणि दोन तिरप्या रेघा आल्या की ओळ संपेपर्यंत कॉमेंट. त्यात ही एक ओळ:

जर दर > 40 तर छाप "जास्त // परवडत नाही" // उद्या बघू

आणि त्याच्या खाली या दोन:

छाप दर // 5" पाइपचा भाव
छाप "संपलं"

तिला म्हटलं, कर रंग. ती हुशार आहे, तिने लगेच रेगेक्स लिहिले (रेगेक्स म्हणजे मजकुरात नमुना शोधायची छोटी सूत्रं) आणि एकामागून एक चालवले, आधी कॉमेंट शोधा आणि करड्या करा, मग स्ट्रिंग शोधा आणि हिरव्या करा, मग कीवर्ड. पहिल्याच ओळीत आपटली. कॉमेंटच्या सूत्राला स्ट्रिंगच्या पोटातल्या दोन रेघा दिसल्या, त्याने तिथूनच पुढचं सगळं करडं केलं, शेवटचं अवतरण चिन्हही गिळलं, आणि "जास्त च्या आधीचं चिन्ह जोडीदाराविना उघडंच राहिलं. मग तिने क्रम उलटा केला, आधी स्ट्रिंग मग कॉमेंट. पहिली ओळ सुधारली, पण दुसऱ्या ओळीत पाच इंच पाइपचं चिन्ह आहे ना, ते आहे कॉमेंटच्या आत, पण स्ट्रिंगच्या सूत्राला त्याचं काय, त्याने तिथे स्ट्रिंग उघडली, आणि ती थेट खालच्या ओळीतल्या संपलंच्या आधीच्या चिन्हापाशी बंद झाली. झालं, तिथून पुढे सगळी गाडी उलटी, जे स्ट्रिंग आहे ते बाहेर आणि जे बाहेर आहे ते स्ट्रिंग. तुम्ही कधी एखाद्या पेजवर अर्ध्यापासून खालचा अख्खा कोड हिरवा झालेला बघितला असेल तर जवळजवळ नेहमी हेच लफडं असतं.

म्हणजे कोणताही क्रम लावला तरी एक तरी ओळ मार खाते, कारण प्रश्न क्रमाचा नाहीच आहे. करायचं असं की बोट पहिल्या अक्षरावर ठेवायचं आणि डावीकडून उजवीकडे सरकवत जायचं, आणि प्रत्येक जागी सगळ्या नियमांना एकदम विचारायचं, इथे तुमच्यापैकी कुणाचं काही सुरू होतंय का? जो आधी सुरू झाला त्याचा हक्क, तो बंद होईपर्यंत बाकीच्यांना आत प्रवेश नाही. पहिल्या ओळीत अवतरण चिन्ह आधी येतं, म्हणून आतल्या रेघा स्ट्रिंगच्या मालकीच्या. दुसऱ्या ओळीत रेघा आधी येतात, म्हणून इंचाचं चिन्ह कॉमेंटच्या मालकीचं. आणि "जर" हा शब्द स्ट्रिंगमध्ये आला तर त्याला कीवर्डचा रंग लागत नाही, तोही याच कारणाने. भाचीने बोट ठेवून तीन ओळी म्हणून दाखवल्या, पोहे तोवर गार.

गंमत अशी की नावाजलेल्या लायब्रऱ्याही याच खड्ड्यातून गेल्यात. प्रिझम नावाची लायब्ररी, 2012 मध्ये लिआ वेरू यांनी काढलेली, मुळात एक नियम पूर्ण मजकुरावर, मग दुसरा नियम अशीच चालते, म्हणून तिच्यात स्ट्रिंग आणि कॉमेंटच्या नियमांवर ग्रीडी नावाची वेगळी खूण लावायची सोय करावी लागली, नाहीतर हाच पाइपचा घोळ तिथेही होतो.

बरं एवढ्यावर भागत नाही. जावास्क्रिप्टमध्ये उलट्या टिकल्यांमधली स्ट्रिंग असते, तिच्या आत डॉलर आणि महिरपी कंस टाकून परत कोड लिहिता येतो, त्या कोडच्या आत परत स्ट्रिंग. एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपेज ज्या भाषेत लिहितात तिच्या, पानात मध्येच सीएसएस येतं, मध्येच जावास्क्रिप्ट. मग नुसतं बोट सरकवून चालत नाही, आपण आत्ता कुठे आहोत आणि इथून बाहेर पडलो की कुठे परत जायचं हे लक्षात ठेवावं लागतं, लग्नघरात एकावर एक रचलेल्या ताटांसारखं, वरचं उचललं की खालचं दिसतं. त्याला स्टॅक म्हणतात. 2004 मध्ये मॅकवर टेक्स्टमेट नावाचा एडिटर आला, त्याच्या व्याकरणाच्या फायलींमध्ये (कुठल्या भाषेचे तुकडे कसे पाडायचे ते नियम) हे "इथे सुरू, इथे बंद, मधल्या काळात हे नियम" प्रकरण इतकं सोयीचं होतं की एडिटर मागे पडला तरी त्याच्या फायलींचा साचा आजही व्हीएस कोडच्या आत चालतो. व्हीएस कोड प्रत्येक ओळीच्या शेवटी ही ताटांची चळत जपून ठेवतो, म्हणून मधली एक ओळ बदलली तर तिथून खाली जात जात जिथे चळत पुन्हा जुन्यासारखी जुळते तिथे तो थांबतो, अख्खी फाइल परत वाचत नाही. आणि म्हणूनच वर कुठेतरी तिरपी रेघ आणि चांदणी टाकून कॉमेंट उघडली की क्षणात खालचा सगळा प्रोग्रॅम कॉमेंटच्या रंगात जातो, बंद केली की परत जागेवर येतो, कारण चळत जुळतच नाही फाइल संपेपर्यंत.

व्हीएस कोडची अजून एक लबाडी भाचीला सांगावी लागली. तिथे जे जास्तीचे रंग दिसतात, म्हणजे हे फंक्शन, हे टाइप, हे न बदलणारं व्हेरिएबल, ते काही ठिकाणी नुसत्या दिसण्यावरून आलेले नसतात, मागे त्या भाषेचा एक वेगळा सर्व्हर तुमचा प्रोग्रॅम खरोखर समजून घेत असतो आणि तो वरून रंग भरतो. वेबपेजवरच्या आठ ओळींच्या तुकड्याला ते कुठून मिळणार, त्या ओळींच्या आधीचं-नंतरचं काहीच तिथे नसतं. त्यामुळे हुबेहूब तसंच दिसेल ही आशा सोडून द्यायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे रंगाच्या नादात लोक विसरतात. तिच्या मैत्रिणीने ॲपमध्ये एचटीएमएलच्या लॅबचा प्रोग्रॅम टाकला, एक फॉर्म आणि एक बटण, आणि पेजवर कोड दिसायच्या ऐवजी चक्क फॉर्म आणि बटण दिसलं, दाबता येणारं! दोघी खूश, मी घाबरलो. कारण बटण चालतं म्हणजे उद्या कुणी तिथे स्क्रिप्टचा टॅग लिहून टाकला तर तोही चालू शकतो, आणि लॉगिन केलेल्या प्रत्येक मुलाच्या ब्राउझरमध्ये चालतो. म्हणून < हे चिन्ह पेजवर टाकताना त्याच्या जागी अँपरसँड, एल, टी, सेमीकोलन असं लिहायचं असतं, > चंही तसंच आणि खुद्द & चंही, मग ब्राउझर त्याला टॅग न समजता नुसतं चिन्ह म्हणून दाखवतो. यालाच एस्केप करणं म्हणतात. यात & सगळ्यात आधी बदलायचं, नंतर बदललंत तर आधीच्या दोघांनी आणलेले अँपरसँड पण परत बदलले जातात आणि पेजवर कचरा दिसतो.

आणि क्रम इथेही आहे. तुकडे आधी पाडायचे, मूळ मजकुरावर, आणि एस्केप प्रत्येक तुकडा बाहेर काढताना करायचा. भाचीने घाईत उलटं केलं, आधी सगळं एस्केप, मग हायलायटर, तर हायलायटरला < दिसलंच नाही, त्याला दिसला एलटी नावाचा शब्द आणि पुढे सेमीकोलन, त्याने बिचाऱ्याने तो शब्द व्हेरिएबल समजून रंगवला. तयार लायब्ररी वापरली तर हे ती स्वतः करते, हायलाइट डॉट जेएस नावाच्या लायब्ररीच्या अकराव्या आवृत्तीपासून तर तुम्ही पेजवर कोडच्या जागी न एस्केप केलेले टॅग सोडलेत तर कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या प्रोग्रॅमरसाठीच्या खिडकीत, इशाराही येतो. पण इशारा बघायला कन्सोल उघडावं लागतं ना.

भाषा ओळखण्याचं काय? हायलाइट डॉट जेएस 2006 पासून आहे, इव्हान सागालाएव यांनी सुरू केलेली, तिचं वैशिष्ट्य म्हणजे भाषा सांगितली नाही तरी ती ओळखायचा प्रयत्न करते. ओळखते म्हणजे काय, तर तुमचा तुकडा तिच्याकडे नोंदवलेल्या सगळ्या भाषांच्या नियमांतून एकेक करून काढते, ज्या भाषेचे जास्त शब्द सापडले तिला जास्त मार्क, आणि पहिला नंबर जाहीर. शंभर ओळी असतील तर निकाल बऱ्यापैकी लागतो. तीन ओळी असतील तर आमच्या गल्लीतल्या क्रिकेटच्या अंपायरसारखा लागतो. भाचीच्या ॲपमध्ये डेटाबेसच्या लॅबची दोन ओळींची क्वेरी कुठल्यातरी भलत्याच भाषेत रंगून आली होती. माझं मत विचाराल तर अंदाज लावायचाच नाही, प्रोग्रॅम टाकणाऱ्याला एक ड्रॉपडाउन द्या, त्याला माहीत असतं तो काय लिहितोय. आणि अंदाज लावायचाच असेल तर कॉलेजात शिकवतात त्या पाच-सहा भाषाच नोंदवा, दोनशे भाषांमध्ये स्पर्धा कशाला लावायची.

परत कचरा गाडीकडे येऊ, कारण पुढचा प्रश्न तिथेच सुटतो. वर्गीकरण कुठे करायचं, घरी का ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे कचरा डेपोत? इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलं त्यात घरच्या घरी वेगळं करण्याचा वाटा मोठा आहे. हायलायटिंगचंही तेच. एक पद्धत अशी की साधा मजकूर पाठवायचा आणि बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये लायब्ररी उतरवून तिथे तुकडे पाडायचे. सोपं आहे, दोन ओळीत लागतं, पण मग एकच प्रोग्रॅम दोनशे मुलांनी उघडला की तेच काम दोनशे फोनवर दोनशे वेळा होणार, आणि आधी काळा कोड दिसून मग झपकन रंग चढतो ते वेगळंच. दुसरी पद्धत, प्रोग्रॅम सेव्ह होतानाच सर्व्हरवर एकदा रंगवायचा आणि तयार एचटीएमएल मूळ मजकुराशेजारी ठेवून द्यायचं. कोड लिहिला एकदा जातो, वाचला शंभरदा जातो, मग हे उघडच आहे असं मला वाटतं. पायथनवाल्यांसाठी पिगमेंट्स आहे, जावास्क्रिप्टवाल्यांसाठी शिकी आहे जी टेक्स्टमेटच्याच व्याकरणावर चालते, त्यामुळे रंग व्हीएस कोडच्या बरेच जवळ जातात. शिकी ब्राउझरमध्ये जड पडते, पण सर्व्हरवर कुणाला त्रास? फक्त मूळ मजकूर फेकून देऊ नका, उद्या थीम किंवा लायब्ररी बदलली की तो लागतोच, आणि कॉपीच्या बटणालाही तोच द्यायचा, नाहीतर मुलं ओळींचे नंबर सकट पेस्ट करतात आणि मग प्रोग्रॅम चालत नाही म्हणून फोन करतात.

भाचीचं ॲप रिॲक्टमध्ये (पेजची मांडणी करणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी) आहे, आणि तिथे अजून एक गाठ होती. रिॲक्टला वाटतं पेजवर जे आहे ते मीच मांडलंय. हायलायटर मागच्या दाराने येऊन तिथे स्पॅन खुपसून जातो. मग मजकूर बदलला की रिॲक्ट आपल्या हिशोबाने एक गोष्ट बदलायला जातो आणि तिथे दुसरंच काही असतं, तिच्याकडे जुना प्रोग्रॅम आणि नवा प्रोग्रॅम एकाखाली एक दिसत होते. उपाय म्हणजे हायलायटरला पेजला हात लावू द्यायचा नाही, त्याला फक्त मजकूर द्यायचा, रंगवलेला परत घ्यायचा, आणि मांडणी रिॲक्टनेच करायची.

"आणि टाइप करता करता रंग?" हे तिचं पुढचं. तिथे खरी अडचण ही की टेक्स्टएरियाच्या, म्हणजे पेजवरच्या टाइप करायच्या चौकटीच्या, आत स्पॅन ठेवताच येत नाही, तो साधाच मजकूर धरतो. म्हणून लोक एक जुगाड करतात, खाली रंगीत प्री, त्यावर बरोब्बर त्याच जागी टेक्स्टएरिया, आणि टेक्स्टएरियातली अक्षरं पारदर्शक, फक्त कर्सर दिसतो. तुम्ही वरच्यात टाइप करताय, बघताय खालचं. फॉन्ट, ओळीची उंची, पॅडिंग, टॅबची रुंदी, सगळं दोन्हीकडे तंतोतंत सारखं लागतं, कुठे एका पिक्सेलचा फरक पडला की वीस ओळींनंतर कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. लॅबच्या ॲपला एवढं चालतं. त्याहून मोठं काही करायचं असेल तर सरळ तयार एडिटर घ्यावा, स्वतः करू नये, माझे दोन महिने त्यात गेलेत.

रंगांबद्दल थोडंच सांगतो. कॉमेंट फिकट करायची सगळ्यांना हौस असते, पांढऱ्या पाटीवर #999 हा करडा रंग सर्रास दिसतो, त्याचं काँट्रास्ट 2.85 ला 1 भरतं, आणि वेबसाठीचा वाचनीयतेचा नियम साध्या मजकुराला 4.5 मागतो. #767676 घेतला की 4.54 होतं, म्हणजे जेमतेम पास. शिकवायच्या ॲपमध्ये कॉमेंट हीच तर वाचायची गोष्ट, ती कशाला पुसट करायची. आणि लाल-हिरव्याचा फरक सगळ्यांना दिसत नाही, तेव्हा कीवर्ड थोडे ठळक आणि कॉमेंट तिरकी ठेवली तर रंग न दिसताही काम भागतं.

जाता जाता तिने एक प्रोग्रॅम टाकला ज्यात फंक्शनचं नाव चक्क "किंमत" होतं. पायथन 3 ला ते चालतं, आणि ज्युनिअर मुलांमध्ये मराठी घरची बरीच आहेत म्हणून तिला हौस. रंग? बाकी सगळं रंगलं, फंक्शनचं नाव तेवढं काळं राहिलं. कारण खूपशा व्याकरणांमध्ये नाव म्हणजे इंग्रजी ए ते झेड, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच धरलेलं असतं, जावास्क्रिप्टच्या रेगेक्सला शब्दातलं अक्षर म्हणजे तेवढंच माहीत. मग तिने नियम सुधारला, युनिकोडचा (सगळ्या लिपींच्या अक्षरांची जागतिक यादी) फ्लॅग लावला आणि "कुठल्याही लिपीचं अक्षर" असं लिहिलं. आता काय व्हावं, किंमतमधला क रंगला, वेलांटी आणि अनुस्वार काळे राहिले, पुढचं मत परत रंगलं. युनिकोडच्या हिशोबात वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलंत ही अक्षरं नाहीतच, त्या खुणा, त्यांचा वर्ग वेगळा. नियमात अक्षरांच्या शेजारी खुणांचा वर्ग पण घातला तेव्हा कुठे अख्खी किंमत एका रंगात आली.

तोवर साडेबारा वाजले होते, बहिणीचा देवासहून फोन, पोरीने काही खाल्लं का म्हणून. पोहे तसेच होते, वरची शेव पार मऊ पडलेली.